दिवाळखोरी आणि व्यापारी कायद्याची वकिली : या वाटेला कोणी यावं?

नोंदवही :

नमस्कार मंडळी. विधी शाखेच्या मुलामुलींचे सध्या मला सारखे निरोप येतात आणि प्रश्न बहुतेक एकच असतो : "ताई, इन्सॉल्व्हन्सीत जाऊ का? पैसा चांगला आहे म्हणतात." प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे एकदा सविस्तर लिहिते. मी मुंबईत एनसीएलटीपुढे, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे, वकिली करते. त्याआधी उच्च न्यायालयातल्या वाइंडिंग अपच्या, म्हणजे कंपनी गुंडाळण्याच्या, याचिका आणि डीआरटी या न्यायाधिकरणातली कर्जवसुली हेच माझं काम होतं, त्यामुळे दोन्ही काळ पाहिले आहेत.

जुन्या काळाबद्दल थोडं सांगायलाच हवं. १९८५ च्या सिका कायद्याखाली आजारी कंपन्यांसाठी बीआयएफआर नावाचं मंडळ होतं. कंपनीचं नेटवर्थ, म्हणजे स्वतःचं भांडवल, संपलं की तिकडे जायचं. कलम २२ चं संरक्षण मिळालं की बँका, पुरवठादार, सगळ्यांची वसुली जागच्या जागी थांबायची, आणि कारखाना मात्र प्रवर्तकांच्याच ताब्यात राहायचा. वर्षं निघून जायची. यंत्रं गंजायची, ग्राहक दुसरीकडे जायचे, आणि शेवटी विकायला उरायची ती जमीन. त्या व्यवस्थेत पुढची तारीख मिळवून देणारा वकील हुशार समजला जायचा.

नादारी व दिवाळखोरी संहितेला, म्हणजे आयबीसीला, २८ मे २०१६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या तरतुदी १ डिसेंबर २०१६ पासून लागू झाल्या आणि त्याच दिवशी सिका गेला. आता अर्ज दाखल करून घेतला की संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होतात, कारभार न्यायाधिकरणाने नेमलेल्या रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे म्हणजे आरपीकडे जातो आणि मोठे निर्णय वित्तीय धनकोंची, म्हणजे बँकांसारख्या कर्ज देणाऱ्यांची समिती (सीओसी) घेते. सर्वोच्च न्यायालयाचा या संहितेवरचा पहिला सविस्तर निकाल पुण्याच्या एका कंपनीबद्दलचा आहे, इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज विरुद्ध आयसीआयसीआय बँक, ३१ ऑगस्ट २०१७. कंपनीचं म्हणणं होतं की महाराष्ट्राच्या १९५८ च्या रिलीफ अंडरटेकिंग्ज कायद्याखाली आमची देणी स्थगित आहेत, मग थकबाकी झालीच कुठे? न्यायालयाने सांगितलं की संहिताच वरचढ. या क्षेत्रात यायचं असेल तर हा निकाल पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचा. प्रवर्तकाचा काळ कसा संपला ते त्यात दिसतं.

आता मुद्द्याचं. या वकिलीत तुम्ही कोणाच्याही बाजूने उभे राहू शकता : बँक, आरपी, कंपनी विकत घेऊ पाहणारा अर्जदार, जामीनदार झालेला प्रवर्तक, पुरवठादार, कामगार. कायदा एकच, पण जागा बदलली की धंदा पार बदलतो. संहितेच्या कलम ५३ मध्ये लिक्विडेशनच्या, म्हणजे कंपनी मोडीत काढून विकल्यावर येणाऱ्या, पैशांची रांग ठरलेली आहे. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि तारण सोडून दिलेले सुरक्षित धनको एकाच पायरीवर. मग इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे पगार, मग विनातारण वित्तीय धनको, मग सरकारी देणी, मग पुरवठादारांसारखे उरलेले सगळे, आणि सर्वात शेवटी भागधारक. वकिलांची फी साधारण याच रांगेच्या पुढच्या टोकाला असते. बँका आणि बोली लावणारे पैसे देतात, वेळेवर देतात. ज्याला वकिलाची खरी निकड असते तो बहुतेक वेळा मागच्या टोकाला उभा असतो आणि त्याच्याकडे फी भरायला पैसे नसतात.

हे करिअर मला या दोन टोकांमधलं वाटतं. पुढच्या टोकावर तुमचं घर चालतं, तिथे काम शिकायला मिळतं, त्यात गैर काहीच नाही. पण मागच्या टोकाची कामं पहिल्या वर्षापासून हातात ठेवली नाहीत, तर हा कायदा तुम्हाला अर्धाच कळतो. विचारा काय विचारायचं ते.

पाऊलवाट :

ताई, मनापासून आभार. मी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षाला आहे. घरात कोणी वकील नाही आणि कॉमर्सही केलेलं नाही. सीए असल्याशिवाय या क्षेत्रात कोणी विचारत नाही असं सिनिअर मुलं म्हणतात. खरं आहे का? आणि थेट इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल होता येतं का?

नोंदवही :

सीए असलंच पाहिजे असं अजिबात नाही. ताळेबंद मात्र वाचता आला पाहिजे, आणि तो वाचणं हे हिशेब लिहिण्यापेक्षा वेगळं काम आहे. वकिलाने आकड्यांच्या आधी टिपा वाचायच्या. संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार, संभाव्य देणी, कंपनीने दुसऱ्यांसाठी दिलेल्या हमी, आणि ऑडिटरने 'गोइंग कन्सर्न'बद्दल, म्हणजे कंपनी पुढे चालू राहील का याबद्दल, काही शेरा मारलाय का. नफा दिसतोय पण रोख प्रवाह सलग उणे आहे, म्हणजे नफा कागदावर आहे आणि ग्राहकांकडून वसुली होत नाहीये. मग कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर जाऊन चार्जची नोंद पाहायची : कोणत्या बँकेकडे काय गहाण आहे, कधीपासून.

हे सगळं कशासाठी? एक उदाहरण घे. कंपनी बुडायच्या आधीच्या वर्षात प्रवर्तकाच्या मेहुण्याच्या फर्मचं जुनं बिल अचानक पूर्ण चुकतं होतं आणि बाकी पुरवठादार तसेच ताटकळत राहतात. कलम ४३ खाली असा व्यवहार उलटवता येतो. त्रयस्थाशी झालेला असेल तर प्रक्रिया सुरू होण्याआधीचं एक वर्ष, संबंधित पक्षाशी झालेला असेल तर दोन वर्षं. अर्ज आरपीने करायचा असतो, पण धागा शोधतो तो बहुधा टिपा वाचणारा ज्युनिअर. तो मेहुणा कायद्याच्या व्याख्येत 'संबंधित पक्ष' बसतो का, इथपासून युक्तिवाद सुरू होतो आणि तिथे वकील लागतो, सीए नाही.

आयपीबद्दल, म्हणजे इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनलबद्दल (यांच्यातूनच आरपी नेमले जातात) : वकील म्हणून नोंदणी करायची तर दहा वर्षांचा अनुभव लागतो, शिवाय आयबीबीआय या नियामक मंडळाची परीक्षा आणि नोंदणीपूर्व अभ्यासक्रम. तरुणांसाठी ग्रॅज्युएट इन्सॉल्व्हन्सी प्रोग्रॅम हा वेगळा रस्ता २०१९ पासून आहे. माझं मत विचारशील तर आधी सनद घे, बार परीक्षा दे आणि ड्राफ्टिंग करून घेणाऱ्या चेंबरमध्ये बस. आरपी झालं की चालत्या कारखान्याची जबाबदारी अंगावर येते : वीजबिल, पगार, सुरक्षारक्षक, कच्चा माल, सगळंच. ती वकिली नव्हे, वेगळाच पेशा आहे. आवडेल की नाही ते काही आरपींबरोबर काम केल्यावरच कळेल.

इंद्रायणीकाठ :

मी भोसरीत मशिनिंगचं वर्कशॉप चालवतो, त्यामुळे तुमच्या रांगेतल्या मागच्या टोकाचा माणूस. एका मोठ्या कंपनीला अनेक वर्षं पार्ट पुरवत होतो. बिलं थकली. वकिलाकडे गेलो तर म्हणाले, आयबीसीची नोटीस पाठवू, घाबरून पैसे देतील. नोटीस गेली, उत्तर आलं की तुमच्या मालात रिजेक्शन होतं. तेवढ्यात बँकेने त्या कंपनीला एनसीएलटीत नेलं. शेवटी हाती फारसं काही लागलं नाही. तुमच्या क्षेत्राबद्दल माझं मत कडवट आहे हे प्रामाणिकपणे सांगतो. छोट्या माणसाला या कायद्याचा उपयोग तरी काय?

नोंदवही :

दादा, तुमचा राग रास्त आहे. तरुण वकिलांनी हा प्रतिसाद दोनदा वाचावा म्हणून सविस्तर लिहिते.

संहितेच्या कलम ८ ची मागणी नोटीस हे वसुलीचं हत्यार नाही. समोरच्याला दहा दिवस असतात. नोटिशीच्या आधीपासून खराखुरा वाद आहे असं त्याने दाखवलं, की कलम ९ चा, म्हणजे पुरवठादाराने दिवाळखोरी प्रक्रिया सुरू करण्यासाठी केलेला, अर्ज टिकत नाही. सप्टेंबर २०१७ च्या मोबिलॉक्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. वाद शेवटी खरा ठरेल की नाही हे एनसीएलटी तपासत बसत नाही, तो निव्वळ बनावट नाही ना, एवढंच पाहतं. त्यामुळे रिजेक्शनच्या एका जुन्या ईमेलने तुमचा अर्ज पडू शकतो. वकिलाने नोटीस लिहिण्याआधी तुमचा पत्रव्यवहार मागवून वाचायलाच हवा. शिवाय मार्च २०२० पासून थकबाकीची किमान मर्यादा एक लाखावरून एक कोटी झाली. बहुतेक छोट्या पुरवठादारांसाठी ते दार तिथेच बंद झालं.

मग उरतं काय? तुमची उद्यम नोंदणी पुरवठ्याच्या वेळी असेल तर सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणारी फॅसिलिटेशन कौन्सिल आहे. पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. लेखी करार आणि कबूल केलेली बाकी असेल तर समरी सूट, म्हणजे झटपट चालणारा दिवाणी दावा. चेक परत गेला असेल तर चेक न वटल्याबद्दल फौजदारी खटला, परक्राम्य संलेख कायद्याचं कलम १३८. तिथेही मार्च २०२१ च्या पी. मोहनराज निकालानंतर मोरेटोरियममध्ये, म्हणजे प्रक्रियेच्या काळात खटले आणि वसुलीला मिळणाऱ्या स्थगितीत, कंपनीविरुद्धचा खटला थांबतो, सही करणाऱ्या संचालकांविरुद्धचा मात्र चालू राहतो. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण सगळंच सोडून देतात.

आणि कंपनी प्रक्रियेत गेलीच, तर दावा भरा. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय असेल तिथल्या एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, म्हणजे आपल्याकडे मराठीत. तीत आरपीचा पत्ता आणि शेवटची तारीख असते. पुरवठादाराने फॉर्म बी भरायचा, सोबत बिलं, चलनं, खाते उतारा. वकील नसला तरी भरता येतो. एप्रिल २०२१ च्या घनश्याम मिश्रा निकालानंतर, कंपनी वाचवण्यासाठी मंजूर झालेल्या योजनेत नसलेला दावा कायमचा संपतो. मोठ्या ग्राहकांचे पुरवठादार जाहीर सूचनांचं पान वाचत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या मालकीचे डाय किंवा फिक्स्चर त्या कारखान्यात पडून असतील तर त्यांची यादी लगेच आरपीला लेखी द्या. मोरेटोरियममध्ये ते उचलून आणता येत नाहीत, पण ते कंपनीची मालमत्ताही होत नाहीत. यादीच नसेल तर पुढे सिद्ध करणं कठीण होतं.

सगळं करूनही हाती थोडंच येतं, हे खरं. योजनेत पुरवठादाराला निदान लिक्विडेशनच्या रांगेत मिळालं असतं तेवढं मिळालंच पाहिजे. पण त्या रांगेत त्याच्यापर्यंत बऱ्याचदा काही पोचतच नाही, मग 'तेवढं' म्हणजे शून्य.

म्हणून म्हणते, व्यापारी वकिलाचं सगळ्यात उपयोगी काम पर्चेस ऑर्डरच्या वेळी होतं. आगाऊ रक्कम, बँक हमी, प्रवर्तकाची वैयक्तिक हमी, पैसे मिळेपर्यंत मालकी आपल्याकडे ठेवणारं कलम, आणि किती दिवसांत रिजेक्शन कळवायचं याची अट. त्या दोन पानांची फी फार थोडी असते, म्हणून चांगले वकील त्यात वेळ घालत नाहीत. मला हे पटत नाही. नवीन मुलांनी आपली पहिली अशिलं अशीच जोडावीत. वर्कशॉपवाले, छपाईवाले, वाहतूकदार, ज्यांना कोणी एकदाही करार वाचून दाखवलेला नाही अशी.

तांबडफुटी :

मी सरकारी बँकेच्या वसुली विभागातून निवृत्त झालो. नोंदवहीताईंचा अनुभव मोठा आहे, पण बँकेला रांगेतला श्रीमंत म्हणून रंगवू नये असं वाटतं. बँकेचा पैसा ठेवीदारांचा असतो. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बारा मोठी खाती दिवाळखोरी प्रक्रियेत न्यायला सांगितली तेव्हा आमच्या विभागात किती वर्षांनी उत्साह आला होता. तोपर्यंत आम्ही प्रवर्तकांच्या केबिनबाहेर बसायचो. एस्सार स्टीलमध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने पुरवठादारांना आमच्या बरोबरीने वाटा दिला होता. १५ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. तारण घेऊन कर्ज देणारा आणि उधारीवर माल देणारा सारखे असतील तर उद्या कारखान्यांना कमी व्याजाने कर्ज कोण देईल?

नोंदवही :

काका, एस्सारचा निकाल कायद्याने बरोबरच आहे, मी त्याविरुद्ध कधी बोलले नाही. समान असलेल्यांनाच समान वागणूक, आणि वाटपाचा व्यापारी निर्णय समितीचा. पण त्याच निकालात हेही म्हटलंय की समितीने सर्व हितसंबंधीयांचा विचार केला आहे, हे न्यायाधिकरणाने पाहायचं. ही अर्धी ओळ माझ्या कामाची. समितीच्या इतिवृत्तात त्या विचाराचा मागमूस नसेल तर मी ते बेंचपुढे मांडते. कधी योजना पुन्हा समितीकडे जाते, बहुतेक वेळा जात नाही.

तुमच्या बाजूच्या वकिलांनाही एक सांगावंसं वाटतं. समितीतली ६६ टक्के मतं हातात असली की दुसऱ्यांचे अर्ज वाचायची सवय सुटते. वाचा. बँकेने मंजूर केलेल्या चांगल्या योजना पुढे अपिलात अडकतात, त्याचं कारण अनेकदा अशा न वाचलेल्या अर्जातच असतं.

कोराकागद :

ताई, माझे वडील बंद पडलेल्या एका कारखान्यात होते. कामगारांपैकी कोणीच दावा भरला नव्हता, कारण युनियनने सांगितलं की जुना खटला कामगार न्यायालयात आहे, तो चालूच राहील. मी आता एलएलबी करतेय ते खरं तर यामुळेच. कामगारांच्या बाजूने या क्षेत्रात पूर्णवेळ वकिली होऊ शकते का?

नोंदवही :

होऊ शकते, आणि व्हायला हवी. तुझ्यासारखी माणसं या क्षेत्रात आली तर मला मनापासून आनंद होईल.

कायद्यात कामगारांसाठी जेवढं आहे तेवढंही वापरलं जात नाही. एकेका कामगाराने फॉर्म डी भरायचा, किंवा सगळ्यांच्या वतीने एका अधिकृत प्रतिनिधीने फॉर्म ई. जे. के. ज्यूट मिल मजदूर मोर्चाच्या प्रकरणात ३० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोंदणीकृत युनियन स्वतः कलम ९ खाली अर्ज करू शकते. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि पेन्शन निधीची रक्कम कलम ३६ नुसार लिक्विडेशनच्या मालमत्तेतच धरली जात नाही, म्हणजे ती कलम ५३ च्या रांगेत उभीच राहत नाही. एबीजी शिपयार्डच्या कामगारांच्या प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये हे पुन्हा स्पष्ट झालं. पण त्याच निकालात हेही आहे, की प्रक्रियेच्या काळातला पगार प्राधान्याने हवा असेल तर त्या काळात कंपनी चालू होती आणि आपण खरोखर काम करत होतो, हे कामगाराला दाखवावं लागतं. त्यामुळे हजेरीपट, गेटपासची नोंद, शिफ्टचे मेसेज, सगळं पहिल्या आठवड्यातच गोळा करायचं. कारखान्याला कुलूप लागलं की कागद हाती येत नाहीत.

युनियनला मिळालेला सल्ला धोक्याचा होता. मोरेटोरियम लागला की कामगार न्यायालयातला कंपनीविरुद्धचा खटलाही थांबतो, आणि दरम्यान योजना मंजूर झाली की दावा न भरलेल्याच्या हाती काही राहत नाही.

पूर्णवेळ फक्त कामगारांची कामं घेऊन सुरुवातीला भागणार नाही हे मात्र आधीच सांगते. माझ्या ओळखीतले जे हे काम टिकवून आहेत ते बाकी वेळ आरपींसाठी ड्राफ्टिंग करतात. एक पथ्य कडक पाळ : ज्या कंपनीत कामगारांचं वकीलपत्र घेतलंस, तिथे आरपीचं किंवा बँकेचं कोणतंही काम घ्यायचं नाही, नंतरही नाही. हे वर्तुळ लहान आहे. कफ परेडच्या एमटीएनएल इमारतीत रोज तीच माणसं भेटतात आणि कोण कुठल्या बाजूला होतं हे सगळ्यांना आठवतं.

शेवटचापाट :

मी जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली करतो, मराठवाड्यात. धागा वाचून उत्सुकता वाटली. पण राज्यातली सगळी प्रकरणं मुंबई बेंचकडेच जातात. घरदार सोडून यावं लागेल का? आणि अपिलाच्या मुदतीबद्दल फार ऐकतो, ते खरंच एवढं कडक आहे का?

नोंदवही :

मुदत खरंच कडक आहे. एनसीएलटीच्या आदेशाविरुद्ध तीस दिवस, पुरेसं कारण असेल तर आणखी पंधरा, आणि त्यापुढे अपिलीय न्यायाधिकरणाला माफीचा अधिकारच नाही. ऑक्टोबर २०२१ च्या व्ही. नागराजन निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दिवस आदेश जाहीर झाल्यापासून मोजायचे, आणि अपीलकर्त्याने प्रमाणित प्रतीसाठी वेळेत अर्ज केलेला असावा. दिवाणी वकिलाला प्रत हातात पडण्याची वाट पाहायची सवय असते. इथे आदेश झाला की प्रतीचा अर्ज त्याच दिवशी द्यायचा.

घरदार सोडायची गरज नाही. दाखल करणं ऑनलाइन आहे आणि दूरदृश्य प्रणालीने बाजू मांडायचीही सोय आहे. मुंबईतल्या एखाद्या ऑफिसशी जोडून घेतलंत तर महिन्यातून काही खेपांत काम होईल. पण मला वाटतं, तुमच्या जिल्ह्यातच करण्यासारखं पुष्कळ आहे. व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठीचा आयबीसीचा भाग आजवर फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता लागू झाला आहे, १ डिसेंबर २०१९ पासून. बाकीच्यांसाठी मुंबई शहराबाहेर अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे आणि तो जिल्हा न्यायालयात चालतो. कर्जात बुडालेल्या छोट्या दुकानदाराला याची कल्पनाही नसते, तो सावकाराच्या दारात उभा राहतो.

जामीनदारांचं कामही तुमच्याकडे येईल. भावाच्या किंवा मित्राच्या कंपनीसाठी सही केलेली माणसं गावागावांत आहेत. मे २०२१ च्या ललितकुमार जैन निकालाप्रमाणे कंपनीची योजना मंजूर झाली म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही. असा माणूस आला की आधी हमीपत्राची प्रत आणि बँकेने हमी कधी मागितली त्या पत्राची तारीख मागवा. तीन वर्षांची मुदत बहुधा त्या तारखेवर ठरते. त्यानंतर कर्जाच्या पुनर्रचनेचे सगळे कागद पाहा. जामीनदाराच्या संमतीशिवाय अटी बदलल्या असतील तर करार कायद्याचं कलम १३३ उपयोगी पडू शकतं, पण बँकांच्या छापील हमीपत्रात तो हक्क सोडून दिल्याचं कलम बहुतेक वेळा असतं, म्हणून ते आधी वाचा. असं एखादं प्रकरण सध्या हातात असेल तर नावं काढून हमीपत्रातली कलमं इथे टाका, मी वाचून सांगते.